लग्नाआधी 'गोरं' करणाऱ्या ट्यूबा: आत काय असतं, ओळखायचं कसं, बंद कसं करायचं?

बचतगट_मिरज

महिला बचत गटाच्या बैठकीत मुलींना आणि त्यांच्या आयांना वाटायला एक पानी माहिती करायची आहे. विषय रंग उजळणाऱ्या क्रीमचा. गावात साधारण तीन प्रकार फिरतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी १५-२० ग्रॅमची ट्यूब, पार्लरमधून मिळणारी बिननावाची पांढरी डबी, आणि परदेशी लिपीतलं चकचकीत खोकं.

मला तीन गोष्टी नेमक्या हव्यात. वेष्टन वाचून धोका कसा ओळखायचा? दोन-तीन महिने वापर चालू असेल तर एकदम बंद करायचं की हळूहळू? आणि पाहण्याचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला असेल तर मुलीला करण्यासारखं काय सांगायचं?

'रंगाने काही फरक पडत नाही' हे भाषण नको. फरक पडतो हे मुली दर रविवारी कांदेपोहे करताना बघतात. भाषण सुरू झालं की मागच्या ओळीतल्या उठून जातात.

---

मलमपट्टी

वेष्टनाचं सांगतो, दुकानाच्या काउंटरच्या बाजूने.

आधी हे औषध आहे की सौंदर्यप्रसाधन ते बघा. औषध असेल तर घटकांची नावं टक्क्यांसह छापलेली असतात, लेबलवर 'आरएक्स'ची खूण असते, आणि शेड्यूल एचचा इशारा असतो: फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर विक्री. प्रसाधनावर घटकांची नुसती रांग असते, टक्के नसतात. मुली ज्याला 'फेअरनेसची ट्यूब' म्हणतात ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातली, म्हणजे सरळसरळ औषध असते.

सगळ्यात जास्त चालणारा फॉर्म्युला म्हणजे हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. यातलं तिसरं स्टिरॉइड. औषध वांगासाठी आहे, तेही डॉक्टरच्या देखरेखीत, ठरावीक आठवडे. पूर्ण चेहऱ्याला वर्षभर लावायची ही 'नाइट क्रीम' नव्हे. या तिकडीचं मूळ १९७५ साली अमेरिकेत मांडलेल्या एका नुस्ख्यात आहे. तिथे आज जे तयार मलम मिळतं त्यात स्टिरॉइड सौम्य, फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्के, आणि मुदत ८ आठवडे. आपल्याकडच्या ट्यूबेत मोमेटासोन बसलं, ते त्याहून बरंच कडक.

नावं पाठ करायची गरज नाही, शेपट्या बघा. 'सोन', 'सोल', 'लोन' यांवर संपणारं नाव (बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन) दिसलं की बहुतेक स्टिरॉइड. मात्र 'सोल' आणि 'झोल' यांत गल्लत करू नका. क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल ही बुरशीची औषधं आहेत. गंमत अशी की गजकर्णाच्या कित्येक ट्यूबांमध्ये 'झोल'ही असतं आणि 'सोल'ही, वर एखादं अँटिबायोटिक. तीन-चार औषधांची खिचडी. खाज तासाभरात थांबते म्हणून ती ट्यूब घरात राहते, आणि मग कुणीतरी ती चेहऱ्याला लावतं कारण 'आजूबाजूची कातडी उजळली होती'. क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे सर्वांत कडक वर्गातलं. ते अंगावरसुद्धा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरायचं नसतं. चेहऱ्यावर तर नाहीच.

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमधली पळवाट बंद केली. त्याआधी 'बाहेरून लावायचं' म्हणून ती चिठ्ठीविना विकता येत होती. कागदावर आता चिठ्ठी लागते. काउंटरवर काय होतं ते तुम्ही बघताच.

एक हिशोब पानावर जरूर टाका. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान झाकायला अशा अडीच रेघा, म्हणजे सव्वा ग्रॅम लागतं. रोज रात्री एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब १२ दिवसांत संपते. वांगाच्या डागापुरतं लावणारीला तीच ट्यूब कितीतरी जास्त पुरते. तेव्हा 'महिन्याला किती ट्यूबा लागतात?' एवढंच विचारा. दोन-अडीच म्हणाली, तर उत्तर मिळालं.

बिननावाच्या डबीबद्दल वाचण्यासारखं काहीच नाही, आणि तेच तिचं लेबल. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत यांतलं काही नसेल तर ती विकणंच बेकायदेशीर आहे. परदेशी खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक हवा. नुसता बारकोड पुरत नाही.

---

त्वचा_ओपीडी

मलमपट्टी यांचं सगळं बरोबर. एक जोडतो, आणि मला वाटतं तुमच्या पानाचा गाभा हाच असावा: ही ट्यूब लग्नाच्या कॅलेंडरला घट्ट बसते, म्हणून खपते.

स्टिरॉइड लावल्यावर काही तासांतच कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. चेहरा फिकट दिसतो. सूज आणि लाली दबते, मुरूम बसल्यासारखे वाटतात, आणि रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. आठ-पंधरा दिवसांत आरशात फरक दिसतो. 'बघायला येणार' हे साधारण तितक्याच दिवसांच्या नोटिशीवर कळतं, त्यामुळे औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं.

बिल नंतर येतं. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल जाळी दिसू लागते, हनुवटीवर आणि कानशिलाजवळ लव वाढते, एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या येतात, उन्हात आणि गॅससमोर चेहरा भाजल्यासारखा होतो. म्हणजे कार्यक्रमाला उजळ, साखरपुड्याला ठीकठाक आणि हळदीला लालबुंद. मग ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत, कधी आठवड्याने, आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात. आग, खाज, सूज. मुलगी घाबरून पुन्हा लावते, तासाभरात थंड वाटतं, आणि तिची खात्री पटते की 'मला ही ट्यूब सूट होते, सोडली की त्रास होतो'. या अवस्थेला डॉक्टरी भाषेत वेगळं नाव आहे, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. हे नाव भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं, कारण असे चेहरे इथेच रांगेने येत होते.

हायड्रोक्विनोनचा धोका निराळा. जास्त टक्केवारीत, वर्षानुवर्षं, उन्हात फिरत वापरलं तर गालाच्या हाडांवर निळसर-काळे, खरखरीत डाग उठतात. जो डाग घालवायला लावलं त्याहून गडद, आणि ते जवळजवळ जात नाहीत. ट्रेटिनोइनने कातडी सोलवटते, ऊन सहन होत नाही, आणि गरोदरपणात ते वापरायचं नसतं. लग्नाच्या वयातल्या मुलींना वाटायच्या पानावर हे ठळक अक्षरांत हवं.

बंद कसं करायचं: दोन आठवड्यांहून कमी वापर असेल तर सरळ बंद. जास्त असेल, विशेषतः क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊनच. कधी सौम्य स्टिरॉइडवर, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन १ टक्क्यावर आणून दिवसाआड करत सोडवतात, कधी टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात, पुटकुळ्या फार असतील तर तोंडाने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक (गरोदर बाईला नाही). घरी करायचं ते थोडंच आहे. साध्या थंड पाण्यात भिजवलेला सुती रुमाल दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. चेहरा धुवायला साबण नको, सौम्य क्लेन्झर. वरून बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर. बाकी सगळं कपाटात: स्क्रब, फेशियल, व्हिटॅमिन सी, मुलतानी माती, कोरफड, बेसन. आग व्हायची थांबायला काही आठवडे, कातडी पूर्ववत व्हायला महिने. जुना वापर असेल तर लाल जाळी काही अंशी राहतेही.

हे आधी सांगा. आठवड्यात बरं होईल असं सांगितलं तर आठव्या दिवशी ती पुन्हा ट्यूब उघडते.

---

बचतगट_मिरज

फार उपयोगी. 'रंग किती उजळू शकतो' याला काही मोजमाप आहे का? मुली विचारतात, 'मग सुरक्षित क्रीमने किती शेड फरक पडतो?'

---

त्वचा_ओपीडी

मोजमाप प्रत्येकीच्या अंगावर आहे. दंडाची आतली बाजू, काखेच्या खाली, जिथे ऊन पोहोचत नाही. तो तिचा मूळ रंग. चेहरा आणि तो भाग यांतला फरक उन्हाने आलेला, तो कमी करता येतो. त्या पलीकडे नेणारं सुरक्षित क्रीम अस्तित्वात नाही. सनस्क्रीन नेमाने (तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं चेहरा-मानेला; बाहेर असेल तर दर दोन तासांनी) आणि नायसिनामाइड (ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार) ४-५ टक्के असलेलं क्रीम, हे ८ ते १२ आठवडे. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे रंगीत छटेचं सनस्क्रीन घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो.

ग्लुटाथायोनच्या सलाईनबद्दलही विचारतील. गोरेपणासाठी त्याला भारतात मान्यता नाही. विषय संपला.

---

पार्लरताई

बिननावाच्या डब्या विकणाऱ्या आमच्या धंद्यात आहेत, ते झाकून उपयोग नाही. पण तीन आठवड्यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडेच आहे, म्हणून लिहिते.

मोठा नियम: शेवटच्या दहा दिवसांत नवीन काहीही नाही. फेशियल करायचं तर ५-७ दिवस आधी, थ्रेडिंग दोन दिवस आधी. रेटिनॉइड (ट्रेटिनोइन आणि त्याची भावंडं) असलेली कुठलीही ट्यूब चालू असेल तर वॅक्स आणि ब्लीच नाही, कातडी सालीसारखी निघून येते. पार्लरमध्ये जाताना ट्यूब दाखवायला घेऊन जा, नाव तोंडी सांगू नका.

ब्लीच कातडी गोरी करत नाही, लव पिवळसर करते. क्रीम आणि पावडर (ॲक्टिव्हेटर) यांचं प्रमाण पाकिटावर असतं, साधारण चमचाभर क्रीमला चिमूटभर. 'लवकर होऊ दे' म्हणून पावडर वाढवली की पाच मिनिटांत चरचरतं, आणि सावळ्या चेहऱ्यावर भाजलेल्या जागी महिनाभराने काळा डाग उठतो. गोऱ्या कातडीवर तोच लाल होऊन जातो. म्हणजे जिला ब्लीच हवं असतं तिलाच त्याचा डाग राहतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघायचं, चेहऱ्यावर १०-१५ मिनिटांवर ठेवायचं नाही.

लिंबू! लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की रस ओघळला त्या आकाराचे तपकिरी पट्टे उमटतात. हळद-बेसनात 'थोडं लिंबू पिळ' हा सल्ला आजीचा असो की व्हिडिओतला, पानावर लाल काट मारून टाका.

आणि मेकअप. दोन शेड वरचं फाउंडेशन लावलं की चेहरा गोरा नाही, राखाडी दिसतो. फोटोत मान एका रंगाची आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा. शेड मनगटावर बघायची नसते. जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढायच्या, दारात जाऊन उजेडात बघायचं, जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. डोळ्यांखालच्या काळेपणावर पांढरट कन्सीलर थापण्याऐवजी आधी नारिंगी करेक्टर तांदळाएवढा. मिरजेत आता गव्हाळ-सावळ्या शेड मिळतात, मागाव्या मात्र लागतात. समोर ठेवलेल्या असतात त्या फिकटच.

---

डायलिसिस_सिस्टर

डबी आणि परदेशी खोकं यांबद्दल कुणी पाऱ्याचं लिहिलं नाही. पारा मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतो, त्यामुळे रंग खरोखर आणि पटकन उतरतो. स्टिरॉइडचा त्रास आरशात दिसतो, पाऱ्याचा दिसत नाही. तो कातडीतून आत जातो, थोडा वाफेतून श्वासात, आणि मूत्रपिंडात साठतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीममुळे मूत्रपिंडाच्या चाळणीचा एक विशिष्ट आजार (मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी) झालेले रुग्ण एकापाठोपाठ सापडले. त्याच वर्षी अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, याच कारणाने मुंबईत केईएमपर्यंत गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. क्रीम पार्लरमधून आणलेलं.

कायदा असा: कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे डोळ्यांची प्रसाधनं सोडून इतरांत नकळत आलेला पारा १० लाख भागांत १ भागाहून जास्त चालत नाही. मुद्दाम घालणं तर बंदच. या डब्यांत तो हजारांत सापडतो.

लेबल असलंच तर 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक' हे शब्द शोधा. 'सोनं, चांदी, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका' असा इशारा छापला असेल तर दुसरा पुरावा नको. पण सोन्यावर चोळून बघायचा घरगुती प्रयोग सांगू नका. डाग पडला नाही म्हणून पारा नाही असं होत नाही, आणि डाग पडला तर मंगळसूत्र खराब.

लक्षणं: लघवीला साबणासारखा फेस जो ओतल्यावरही राहतो, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पावलांवर बोट दाबलं की खळगा. पहिली तपासणी स्वस्त आहे, लघवीतलं प्रोटीन, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टीवर होते. प्रोटीन आलं तर मूत्रपिंडतज्ज्ञ, आणि 'हे क्रीम लावत होते' हे आपणहून सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही. पाऱ्यासाठी लघवीची तपासणी रक्तापेक्षा बरी, कारण मासे खाल्ल्यानेही रक्तात पारा वाढलेला दिसतो. प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीतच नमुना. बहुतेक जणींत क्रीम थांबवल्यावर प्रोटीन उतरत जातं, पण महिने लागतात. शरीरातून पारा काढणारी औषधं डॉक्टरच ठरवतील.

तिचा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा धुवा. लहान मूल गालाला गाल लावतं, त्यालाही तपासा.

---

वधूवर_सूचक

मी दुसऱ्या टोकाचं लिहितो, म्हणजे ट्यूबेची मागणी जिथे छापली जाते तिथलं.

मंडळाच्या छापील फॉर्मात उंची आणि रक्तगट यांच्यामध्ये 'वर्ण' असा रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. 'काळा' हा पर्याय कुणी छापतच नाही, म्हणून सगळे एक-एक घर वर सरकतात: सावळी गव्हाळ होते, गव्हाळ निमगोरी. समोरचा हे जाणून एक घर खाली वाचतो. म्हणजे रकाना माहिती देत नाही, फक्त मुलीच्या आईला पेन हातात घेऊन मुलीकडे बघायला लावतो. तो काढून टाकला तर एकाही स्थळाचं अडत नाही, फोटो असतोच. शादी डॉट कॉमने २०२० मध्ये टीका झाल्यावर रंगाची चाळणी काढली. गावच्या मंडळाला तर पुढच्या छपाईत एक ओळ गाळायची आहे.

कुणी म्हणेल पत्रिकेतही वर्ण असतो. असतो, पण ३६ गुणांत त्याचा गुण १, आणि त्याचा कातडीशी संबंध नाही. तो राशीवरून काढतात. नाडीचे ८ आहेत. रंगासाठी स्थळ नाकारणाऱ्याला पत्रिकेचा आधार नाही, एवढं त्याला ऐकवता येतं.

फोटोचं तांत्रिक: पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं की कॅमेरा भिंतीच्या उजेडावर बेतून सगळं काळवंडवतो, सावळा चेहरा आणखी दोन घरं खाली जातो. मग फिल्टर लावतात. त्याऐवजी फिकट राखाडी, निळसर किंवा मातकट भिंत घ्या, खिडकीकडे तोंड, सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद, फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून मगच टिपा. फोनमधला 'ब्यूटी मोड' आधी बंद करा, तो कित्येक फोनमध्ये चालूच येतो. फिल्टरचा फोटो पाठवला की मुलीला प्रत्यक्ष त्या फोटोसारखं दिसावं लागतं, आणि तिथून ती मेडिकलकडे वळते.

---

मलमपट्टी

वरच्यांना दुजोरा. एक राहिलं: 'मान काळी आहे, घासून जात नाही'. जाणार नाही, तो मळ नव्हे. मानेवर, काखेत जाड मखमलीसारखा काळेपणा असेल तर बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. ट्यूब देण्याऐवजी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करायला पाठवावं, पाळी अनियमित असेल तर पीसीओडीसाठीही. लुफा आणि प्यूमिस दगडाने घासून तो आणखी गडद होतो.

आणि तक्रार करायची तर महाराष्ट्र एफडीए (अन्न व औषध प्रशासन), टोल-फ्री १८००-२२२-३६५, किंवा जिल्ह्याचं सहायक आयुक्त कार्यालय. ट्यूबेचा बॅच क्रमांक आणि बिल लागतं. बिल मागा म्हणावं. ज्या ट्यूबेचं बिल द्यायला दुकानदार का-कू करतो, ती घेऊच नका.

---

बचतगट_मिरज

एका पानाचं दोन झालं. पहिल्या पानावर दंडाची खूण, ट्यूबेचा हिशोब आणि 'सोन-सोल-लोन' घेते. दुसऱ्यावर बंद करण्याची पद्धत आणि लघवीची तपासणी. 'वर्ण' रकान्याचं वेगळं पत्र करून मंडळाला देते.

एक शंका: बैठकीत डब्या आणायला सांगितल्या तर गोळा करून कचऱ्यात टाकू का?

---

डायलिसिस_सिस्टर

नको! घंटागाडीतही नाही, मोरीतही नाही, जाळायच्या तर मुळीच नाहीत, वाफ होते. बैठक बंद खोलीत न घेता ओसरीवर घ्या, झाकणं उघडून वास घेऊ देऊ नका. प्रत्येक डबी वेगळ्या झिप पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर चिकटपट्टीवर कुठून आणली आणि किती महिने वापरली ते लिहा, बाईचं नाव नको. एक-दोन सीलबंद नमुने औषध निरीक्षकाकडे, बाकीच्या नगरपालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात, जिथे जुन्या ट्यूबलाइट आणि थर्मामीटर देतात तिथे.